कादंबरी लिहिणारा लेखक खेड्यातला कारागीर झाल्याचे खरे उदाहरण आहे का?

आपण विचारले आहे की कादंबरी लिहिणारा एखादा माणूस खरोखर गावच्या कारागिरीत रमला आहे काय. मला लगेच आठवतो तो इंग्लंडमधील सरे परगण्याचा जॉर्ज स्टर्ट (१८६३–१९२७), मात्र त्याचा क्रम थोडा उलटा आहे. फार्नहॅम येथे तो शाळामास्तर होता, इंग्रज कलासमीक्षक रस्किन वाचून हातकामाविषयी भारावलेला होता, आणि १८८४ साली वडील वारल्यावर गाड्या व चाके बनवणारा घरचा कारखाना एकविसाव्या वर्षी त्याच्या गळ्यात पडला. १८९८ सालची त्याची कादंबरी ‘अ इयर्स एक्झाइल’ ही त्या कारखान्याचा मालक असतानाच आली. ती आज फारसे कोणी वाचत नाही.

त्याचा हात उशिरा वळल्यामुळे तो निष्णात सुतार कधीच झाला नाही, आणि हे त्याने स्वतःच मान्य केले आहे. माझ्या मते त्याच्या लेखनाचे बळ नेमके याच उणिवेत आहे, कारण कारागिराच्या हाताला जे न सांगता कळते ते त्याला विचार करून शोधावे लागले. तुंब्याला (चाकाच्या मधल्या गड्ड्याला) एल्म, त्यातून निघणाऱ्या आऱ्यांना ओक आणि पुठ्ठ्यांना (चाकाच्या घेराच्या वाकड्या तुकड्यांना) ॲश हे लाकूड लागते. त्यातही आरे करवतीने न कापता लाकूड फोडूनच काढायचे, म्हणजे लाकडाची रेषा तुटत नाही, हे तो कामावरच्या जुन्या माणसांकडून शिकला. पण चाक सपाट न ठेवता बशीसारखे बाहेरून खोलगट का करतात, हे कळायला त्याला वर्षे लागली: घोड्याच्या प्रत्येक पावलाबरोबर ओझे डावीउजवीकडे झुलते आणि तुंब्याला बाहेर रेटते, आरे कलते असले की तो रेटा पेलतात, सपाट चाक मात्र उलटे वळून निकामी होते. (आमच्या गावी गोवऱ्यांच्या आगीत लाल केलेली धाव (लोखंडी पट्टी) चाकावर चढवून पाणी ओतत, तेव्हा सांधे कर्रकन आवळलेले मी ऐकले आहेत, आऱ्यांच्या कलतेपणाविषयी विचारायचे मात्र सुचले नव्हते.)

हिशेबाची गोष्टही मजेदार आहे. भाव वाडवडिलांपासून ठरलेले असल्याने काही कामे तोट्यातच होत होती, आणि ते ना मालकाला ठाऊक होते ना कामगारांना.

१९१६ साली त्याला पक्षाघात झाला. ‘द व्हीलराइट्स शॉप’ (चाके बनवणाऱ्याचा कारखाना) हे पुस्तक त्यानंतर, १९२३ साली आले, तोवर गावोगावच्या घोडागाड्यांची जागा मोटारी घेऊ लागल्या होत्या.