नुसती फाइल उघडली तरी?

प्रश्न : राळेगाव तालुक्यात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीकविम्याच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतली पोरं दहा-वीस शेतकऱ्यांचे सातबारे, पासबुकं एका रार फाइलमध्ये (एकात अनेक फाइली बांधलेलं गाठोडं) बांधून मेल करतात. मी विनरार या प्रोग्रामने उघडते न् प्रिंट काढते. आत प्रोग्राम दिसला तर हात लावत नाही. भाचा म्हणते, "मावशी, नुसती उघडली तरी धोका आहे, बफर ओव्हरफ्लो." काहून? अँटिव्हायरस तर आहे.

उत्तर : ताई, भाच्याचं खरं आहे. आतलं तुम्ही काही चालवत नाही, पण विनरार चालतोच ना! फाइल वाचतो तो, आणि फसतोही तोच.

पुढचा मजकूर ठेवायला प्रोग्राम मेमरीत मोजकी जागा राखतो, तो बफर. फाइलमधले आकडे मुद्दाम खोटे लिहिलेले असले आणि प्रोग्रामने ते पडताळले नाहीत, तर मजकूर हद्दीबाहेर जातो, तो ओव्हरफ्लो. जिनिंगमध्ये पावतीवर वीस क्विंटल, गाडीत तीस, आणि हमाल आपले ओतताहेत. कापूस शेजाऱ्याच्या ढिगात. मेमरीत शेजारी बऱ्याचदा प्रोग्रामने पुढे काय करायचं तेच लिहिलेलं असतं. तिथे बेतून अक्षरं पडली की हुकूम फाइल बनवणाऱ्याचा, आणि लॉगिन तुमचं.

2023 मध्ये विनरारमध्ये अशी चूक सापडली, तीही हरवलेला तुकडा परत जुळवणाऱ्या रिकव्हरी व्हॉल्यूमच्या भागात, ज्याला तुम्ही-आम्ही जन्मात हात लावत नाही. ऑगस्टमधल्या 6.23 या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. अशाच फाइली उघडणारं सेव्हन-झिप फुकट आहे, चांगलंही आहे, पण 2016 मध्ये त्याचीही अॅपलच्या डिस्कचा साचा वाचताना अशीच गत झाली होती, 16.00 मध्ये सुधारली. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीचे चोर पकडतो, नव्या फाइलवर त्याची भिस्त ठेवू नका.

खरी गोम वेगळीच आहे. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोट्ट्याने पेनड्राइव्हवरून टाकला, की तोच वर्षानुवर्षं चालतो, फुकट वापराचे चाळीस दिवस संपल्याची खिडकी दाखवत. हेल्पमध्ये अबाउट उघडा. 7.13 पेक्षा जुना आकडा दिसला, तर कंपनीच्याच साइटवरून नवा घ्या. 2025 च्या जुलैत 7.13 मध्ये आणखी एक भोक बुजवलं आहे, ओव्हरफ्लोचं नाही, पण आतली फाइल भलत्याच फोल्डरमध्ये नेऊन टाकणारं. मेमरीशी त्याचा संबंध नाही, ताप तेवढाच.

आणि त्या पोरांना सांगा, सातबारा साधा पीडीएफ पाठवा. एवढ्याशा कागदांना रारमध्ये कोंबायची गरज काय, मला तर समजलं नाही.