अ‍ॅबट्स बूबी हा समुद्रपक्षी किती उरला आहे, घरटं कुठे करतो आणि त्याची प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी का मानतात?

साधारण सहा हजार प्रौढ पक्षी, एवढाच आजचा अंदाज. ते सगळे जावाच्या दक्षिणेला असलेल्या, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटावर अंडी घालतात. हे बेट आहे जेमतेम १३५ चौ. किमी., म्हणजे आपल्या सोलापूर महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान!

बाकीच्या बूबी बहुतेक जमिनीवर, कड्यांवर किंवा झुडपांत घरटी करतात. हा मात्र घनदाट जंगलातल्या उंच झाडांच्या शेंड्यावर. अंडं एकच, ते उबवायला जवळपास दोन महिने, आणि पिल्लू उडायला लागल्यावरही कित्येक महिने आईबापांकडेच खायला मागतं. म्हणून यशस्वी जोडी वर्षाआड किंवा त्याहून उशिराच पुन्हा अंडं घालते. संख्या वाढणार कशी?

खरी गोम वाऱ्यात आहे. फॉस्फेटच्या खाणींसाठी जंगल तोडलं, त्या मोकळ्या पट्ट्यांवरून वारा उसळतो आणि शेजारच्या उभ्या झाडांवरची पिल्लंही खाली पडतात. दाट झाडीत जमिनीवर पडलेला हा लांब पंखांचा पक्षी परत उडू शकत नाही, उपाशी मरतो.

वर्गीकरणाचं थोडक्यात: १८९३ साली अमेरिकी पक्षितज्ज्ञ रिजवेनं त्याला बाकीच्या बूबींच्या सुला प्रजातीत घातलं होतं. पण हाडांची ठेवण निराळी दिसल्यावर १९८८ मध्ये पापासुला ही स्वतंत्र प्रजाती केली. तिच्यात आज हा एकटाच.

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी मात्र याची आशा धरू नये. तिथं आपले पट्टकादंबच बघा.