वाचक विचारतात : कियांतीच्या द्राक्षमळ्यांत एक दिवस

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) आणि तिच्या मागची सबकेनची (उपकाड्यांची) कामे उरकली की मेच्या अखेरीस आम्ही घरचे पाच जण, म्हणजे मी, यजमान, सासूबाई, मुलगा आणि सून, इटलीला जाणार आहोत. फ्लॉरेन्सच्या मुक्कामात एक दिवस वायनरी पाहण्यासाठी राखून ठेवला आहे. भाड्याची मोटार घेऊन दिवसभरात चार वायनरी, आणि जमल्यास बारोलोसुद्धा, असा मुलाचा बेत आहे. सासूबाई वाईन घेत नाहीत आणि अंडेही खात नाहीत. हा बेत कितपत जमण्यासारखा आहे?
– एक वाचक भगिनी, दिंडोरी

उत्तर : बारोलो आपण यादीतून आताच काढून टाकावे. ते गाव पिएमोंत प्रांतात आल्बा शहराजवळ आहे आणि फ्लॉरेन्सपासून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. तेथे जायचे तर तोरिनोला मुक्काम करूनच जावे. ब्रुनेल्लो वाईनचे मोंताल्चिनो फ्लॉरेन्सच्याच प्रांतात, तोस्कानात, असले तरी ते सिएनाच्याही दक्षिणेला असल्यामुळे त्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागेल. आपल्या हाती एकच दिवस असेल, तर तो फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या कियांती क्लासिको भागासाठी ठेवावा.

चार वायनरींचा आग्रहही सोडावा, असे मी स्पष्टच सुचवेन. नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला आपण आयत्या वेळी गाडी वळवतो, टेस्टिंग घेतो आणि तासाभरात बाहेर पडतो. तिकडे मात्र बहुतेक ठिकाणी आधी ई-मेल करून वेळ ठरवावी लागते, आणि मळा, तळघर व चव घेणे धरून एका भेटीला दीड ते दोन तास सहज लागतात. त्यात रस्ते वळणावळणांचे असल्यामुळे नकाशावरचे तीस किलोमीटर पाऊण तास खातात. म्हणून सकाळी एक वायनरी, दुपारी घाई न करता जेवण आणि त्यानंतर दुसरी वायनरी, एवढेच ठरवावे. आपल्याकडे रविवारी वायनरी ओसंडून वाहतात, तिकडे अनेक लहान मळे त्या दिवशी बंद असतात. मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ‘कांतिने आपेर्ते’ या उपक्रमात देशभरातील अनेक वायनरी लोकांसाठी खुल्या होतात, पण त्या दिवशी निवांत बोलायला कोणालाच सवड नसते. २ जून ही इटलीची राष्ट्रीय सुट्टी आहे, तीही टाळावी.

फ्लॉरेन्सहून सकाळी नऊच्या सुमारास निघून ‘कियांतिजाना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २२२ क्रमांकाच्या रस्त्याने ग्रेव्हे गाठावे. हे अंतर सुमारे तीस किलोमीटरांचे आहे. गावचा त्रिकोणी चौक पायी फिरून झाला की जवळच्याच वेर्रात्सानोच्या गढीवर पहिली भेट ठेवता येईल. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याचा शोध घेणारा दर्यावर्दी वेर्रात्सानो याच घराण्यातला, आणि त्याचा पुतळा ग्रेव्हेच्या चौकात उभा आहे. दुसरी भेट गायोले गावाजवळच्या ब्रोलियो किल्ल्यावर ठेवावी. ११४१ पासून तो रिकासोली घराण्याकडे आहे. एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली याच घराण्यातले. कियांतीत सांजोव्हेझे द्राक्ष मुख्य असावे, हे त्यांनी १८७२ मधील एका पत्रात लिहून ठेवले. आज कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोव्हेझे असावेच लागते आणि बाटलीच्या मानेवर काळ्या कोंबड्याचा शिक्का असतो. जुन्या गढ्यांपेक्षा नव्या बांधकामात आपल्या मुलाला अधिक रस असेल, तर बार्जिनो येथे आंतिनोरी घराण्याने २०१२ मध्ये सुरू केलेली, टेकडीच्या पोटात बांधलेली आणि छतावरही द्राक्षवेली असलेली वायनरी ब्रोलियोऐवजी पाहावी.

आपण निवडलेला हंगाम मला विशेष पटला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिकडे तोडणी असते आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे गोडी छाटणीची (फळांसाठीच्या छाटणीची) धांदल असते, त्यामुळे आपल्या भागातील बागायतदाराला तोडणी पाहायला जाणे एरवीही कठीणच. मेच्या अखेरीस तेथे वेलींवर कोवळे फुटवे वाढलेले असतात, काही ठिकाणी फुलोराही सुरू होतो आणि मळेवाल्यांना बोलायला वेळ असतो. यजमानांनी वेल जवळून पाहावा. तेथे आपल्यासारखा मांडव किंवा वाय पद्धतीचा उंच सांगाडा नसतो. वेल कमरेच्या उंचीला तारांवर धरलेला असतो आणि हिवाळ्यात तो झोपी जात असल्याने मुख्य छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून दोनदा कात्री चालवावी लागते, ही गोष्ट तेथील मळेवाल्याला सांगून पाहावी. गप्पा तेथून आपोआप रंगतील. पायाखालच्या जमिनीत हाताने मोडणारा, पापुद्र्यांचा दगड दिसला तर तो ‘गालेस्त्रो’ असतो आणि पांढरट, टणक चुनखडी म्हणजे ‘आल्बेरेझे’. यांपैकी कोणती जमीन कोणत्या वाईनला मानवते, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

जेवणाचा विचार वायनरीइतकाच बारकाईने करावा. खेड्यातील स्वयंपाकघरे साधारण साडेबारा ते अडीच एवढाच वेळ चालू असतात आणि तीन वाजता पोहोचणाऱ्याला थंड पदार्थांवर भागवावे लागते. ग्रेव्हे आणि ब्रोलियो यांच्या मधल्या वाटेवर, गायोलेच्या अलीकडे, बादिया आ कोल्तिबुओनो हा ११व्या शतकातील मठ आहे. आता तेथे वायनरीही आहे आणि भोजनगृहही. दुपारी एकची वेळ तेथे आधीच नोंदवून ठेवावी. सासूबाईंसाठी नोंदणी करतानाच ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओव्हा’, म्हणजे मांस, मासे आणि अंडी नकोत, असे लिहून कळवावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्याने भागत नाही, कारण ताजा पास्ता बहुधा अंड्यात मळलेला असतो आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते. वाळवलेला पास्ता अंड्याविना असतो. ‘पिची’ हा हाताने वळलेला जाड पास्ता सहसा पीठ-पाण्याचाच असतो, तरी तो विचारूनच घ्यावा. रिबोल्लिता म्हणजे पांढरे घेवडे, काळी कोबी आणि शिळा पाव यांचे दाट सूप. आपल्याकडच्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याच्या कुळातला हा पदार्थ सासूबाईंना आवडावा, फक्त त्यात मांस घातलेले नाही याची खात्री करून घ्यावी. पेकोरिनो आणि पार्मिजानो या चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी बहुधा वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. ते त्यांना चालत नसेल, तर चीज वगळण्यासही सांगावे. तेथील पाव अळणी असतो; त्याला मीठ घालायला कोणी विसरलेले नसते. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची, टेबलावर बसण्याची माणशी रक्कम दिसेल, ती रीतसर असते.

चाखताना सांजोव्हेझे प्रथम आंबट-तुरट लागेल, विशेषतः घरी नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनची सवय असेल तर. ऑलिव्ह तेल लावलेल्या पावाचा घास घेऊन पुन्हा एक घोट घ्यावा, तुरटपणा बराच निवतो. घोट तोंडात फिरवून समोरच्या भांड्यात थुंकणे तेथे असभ्य मानत नाहीत. तळघरे थंड आणि पायऱ्यांची असतात, म्हणून सासूबाईंबरोबर शाल असू द्यावी.

राहिला मोटारीचा प्रश्न. इटलीत रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि परवान्याला तीन वर्षे पूर्ण न झालेल्या चालकाला ती शून्य आहे. भारतातील मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.३ ग्रॅम, असल्यामुळे तिकडे सूट आहे असे वाटेल, पण दोन ठिकाणी चाखल्यावर त्या हिशेबावर विसंबू नये. मुलगा थेंबही न घेता चालवणार असेल, तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या शहरातील ‘झेड-टी-एल’, म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेल्या, हद्दीत गाडी घालू नये. तेथे कॅमेरे असतात आणि दंडाची चिठ्ठी भाडे कंपनीमार्फत महिन्यांनंतरही घरी येते. माझे मत विचाराल तर चालकासह गाडी ठरवावी. पाच जणांत तो खर्च वाटला जातो आणि मुलालाही वाईन चाखता येते.

प्रश्न : इटलीहून येताना वाईनच्या किती बाटल्या आणता येतात?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात आणि वरच्या मद्यावर शुल्क लागते. कुटुंबातील सर्वांची सवलत एकत्र करून एकाच्या नावावर बाटल्या आणता येत नाहीत, म्हणून त्या ज्याच्या त्याच्या सामानात ठेवाव्यात. वायनरीतून घेतलेल्या बाटल्या हातातील सामानात चालत नाहीत. त्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवाव्यात आणि पावती जवळ असू द्यावी.