पहिला डोस देण्याआधी पिंजरे बघ

गर्भातल्या मेंदूवर बीपीएचा (बिस्फेनॉल ए, प्लास्टिकमधलं एक रसायन) परिणाम, हा विषय घेतलास ते फार बरं केलंस. पण पाषाणच्या लॅबमध्ये कामाला लागण्याआधी पिंजरे तपास. 2003 मध्ये संशोधक पॅट्रिशिया हंट यांनी दाखवलं, की तीव्र डिटर्जंटने खराब झालेल्या पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकच्या पिंजऱ्यांतून बीपीए झिरपतं आणि उंदरांच्या अंडपेशींत गुणसूत्रांची विभागणी बिघडते. म्हणजे तुझा कंट्रोल गटही (ज्याला बीपीए द्यायचंच नाही तो) नकळत डोस घेत असेल! पिंजरा धुरकट दिसला, चरे पडलेले असले, की बाजूला काढ. पाण्याच्या बाटल्या काचेच्याच माग. खाद्यात सोया आहे का, तेही विचार. 2007 च्या अगूटी जातीच्या उंदरांच्या प्रयोगात बीपीएमुळे घटलेलं डीएनएचं मिथिलेशन (जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) सोयातल्या जेनिस्टीनने सावरलं होतं, फोलिक ॲसिडनेही.

आणि हे तर वहीच्या पहिल्या पानावर लिही: एका मादीची आठ पिल्लं म्हणजे आठ नमुने नव्हेत, एकच; कारण डोस आईला मिळालेला असतो. नर-मादी वेगळे मोज. रक्तातलं मिथिलेशन मेंदूतलं म्हणून खपवू नकोस.

घरात कुणी गरोदर असेल आणि धास्तावून विचारलं, तर उंदरांचे आकडे तिला ऐकवू नकोस. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात भरू नकोस, स्टीलचा घे, एवढंच सांग.