वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी शिशाचे ओतकाम

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सास) : नोकरीनिमित्त काही वर्षांपासून आम्ही येथे राहतो. आमचे शेजारी आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या गोळ्या घरीच ओततात आणि त्या रेंजवर नेमबाजीसाठी वापरतात. त्यांचे काम पाहून मलाही ते शिकावेसे वाटते. विजेवरची लहान भट्टी, एक साचा आणि भंगारातले शिसे एवढ्यावर सुरुवात होते, असे ते म्हणतात. पत्नीचा मात्र विरोध आहे, कारण आमची मुलगी तीन वर्षांची आहे. सुरुवात कशी करावी आणि पत्नीची भीती कितपत खरी आहे?

उत्तर : शेजाऱ्यांनी सांगितलेले साहित्य बरोबर आहे, परंतु भट्टी विकत घेण्यापूर्वी आपण कोणत्या व्हिसावर आहात हे पाहावे लागेल. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगण्यास मनाई केली आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे केवळ भरलेले काडतूस नव्हे, तर काडतुसाची रिकामी पितळी कवचे, प्राइमर (काडतुसातली दारू पेटवणारी छोटी टोपी), बंदुकीची दारू आणि सुटी गोळीसुद्धा येते. म्हणजे घरात बंदूक नसली तरी स्वतः ओतलेल्या गोळ्यांचा डबा गॅरेजमध्ये सापडणे हा गुन्हा ठरू शकतो. या मनाईला थोडे अपवाद आहेत. त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. ग्रीनकार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतण्यासाठी संघीय परवाना लागत नाही, मात्र विक्रीचा धंदा करायचा असेल तर तो लागतो. याबाबत शेजाऱ्यांचा सल्ला पुरेसा मानू नये. जन्माने अमेरिकी नागरिक असलेल्या माणसाला या कलमाशी कधी देणेघेणेच नसते. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्यावे.

आता पत्नीच्या भीतीविषयी. ती खरी आहे, फक्त धोका बहुतेक लोक समजतात तिथे नसतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि सुमारे १,७४९ अंशांना उकळते. ओतकाम साधारण ३५० ते ४०० अंशांच्या दरम्यान चालते, त्यामुळे या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. शरीरात जाते ती भुकटी. वितळलेल्या धातूवर जी करडी-पिवळसर साय धरते, ती काढून बाजूला ठेवली की वाळून पिठासारखी होते. ती बोटांना, बाह्यांना आणि बुटांच्या तळव्यांना लागते, तेथून गालिच्यावर येते आणि गालिच्यावर खेळणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. पोटात गेलेले शिसे प्रौढांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते. मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले, तर त्याची दखल घ्यावी, असे अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने २०२१ मध्ये ठरवले. त्याचा अर्थ एवढे शिसे सुरक्षित आहे असा मात्र नाही.

म्हणून हे काम स्वयंपाकघरात, घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये किंवा मुलगी जेथे खेळते त्या अंगणात करू नये. वेगळी उघडी शेड असेल तरच विचार करावा. कामाचे बूट व कपडे तेथेच राहावेत, कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत, काम चालू असताना चहा-पाणी आणि सिगारेट बंद, काढलेली साय झाकणाच्या डब्यात, आणि घरात पाऊल टाकण्यापूर्वी हात, तोंड व केस स्वच्छ धुतलेले असावेत. कोरडा झाडू तर अजिबात मारू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या आणि मुलीच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी, म्हणजे पुढच्या तपासणीची तुलना करता येईल. एवढे सगळे पाळणे आपल्या घरात शक्य नसेल, तर मुलगी मोठी होईपर्यंत तयार गोळ्या विकत घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, आणि या वादात मी आपल्या पत्नीच्या बाजूने आहे.

दुसरा धोका पाण्याचा. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. वितळलेल्या शिशाच्या वर थेंब पडला तर तो चुरचुरून जातो. पण ओलसर तुकड्यासोबत तोच थेंब पृष्ठभागाखाली गेला, तर भांड्यातले सगळे शिसे कारंज्यासारखे वर उडते. रेंजच्या मातीतून वेचलेल्या जुन्या गोळ्यांच्या तांब्याच्या कवचात पाणी अडकून राहिलेले असते, म्हणून असे भंगार तापलेल्या रसात कधीही टाकू नये. थंड भांड्यात भरून हळूहळू तापवावे. डोळ्यांना गॉगल व त्यावर चेहऱ्याची ढाल, हातात कातडी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायात बंद कातडी बूट हवेत. नायलॉनसारखे कापड त्वचेवरच वितळते.

धातू कोणता घ्यावा, यावर हौशी मंडळींत वाद कधी संपत नाही. शुद्ध शिसे फार मऊ असते; वेगाने सुटणाऱ्या गोळीत ते वापरले तर नळीच्या आतील आट्यांना चिकटते. म्हणून त्यात अँटिमनी आणि थोडे कथील मिसळतात : अँटिमनीने कठीणपणा येतो आणि कथलाने रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो. छापखान्यांतले अक्षरांचे जुने खिळे याच कुळातल्या मिश्रधातूचे असत. लायनोटाइपच्या (मजकुराच्या ओळी ओतणाऱ्या जुन्या छपाई यंत्राच्या) धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. गाड्यांच्या चाकांना लावायची जुनी वजने हा अमेरिकेतील हौशी लोकांचा आवडता कच्चा माल. पण अलीकडच्या वजनांत जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, त्यामुळे भट्टी त्याच्या बरीच खाली ठेवली तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि चिमट्याने काढता येतात. एकदा का जस्त रसात मिसळले, की रस दाटसर होतो आणि साचा नीट भरत नाही. गाडीच्या बॅटरीतील शिशाला हात लावू नये. त्यातल्या मिश्रणातून आणि उरलेल्या सायीतून विषारी वायू निघू शकतात. नवशिक्याने प्रमाण छापलेल्या, विकतच्या लगडी घ्याव्यात. त्या महाग पडतात. परंतु आपण काय वितळवत आहोत हे निश्चित ठाऊक असते.

प्रत्यक्ष ओतताना साचा पुरेसा गरम असणे हे निम्मे काम. ॲल्युमिनियमचा साचा लवकर तापतो, म्हणून शिकायला तो बरा. रसात मेणाचा लहान तुकडा टाकून कोरड्या लाकडी काठीने ढवळले, की कथलाचे ऑक्साइड पुन्हा धातूत जाते आणि मळ वर येतो. या वेळी धूर निघतो आणि तो पेटही घेतो, तेव्हा तोंड दूर ठेवावे. मग साच्याच्या वरच्या पट्टीतील भोकातून रस सोडावा आणि भोकावर छोटे डबके साचू द्यावे. त्या डबक्याकडे लक्ष ठेवावे : प्रथम ते आरशासारखे चकाकते, मग मधोमध किंचित खचते आणि कडेकडून मंद करडे होत जाते. करडेपणा पूर्ण पसरला की आणखी क्षणभर थांबून लाकडी ठोकळ्याने पट्टीवर टोला द्यावा. गोठलेले डबके तुटून पडते आणि साचा उघडताच गोळी जाड, मऊ कापडावर सुटते. घाई केली तर पट्टीखाली शिसे सारवले जाते आणि गोळीच्या बुडाला खड्डा पडतो. बूड सदोष असेल तर बाकी गोळी कितीही देखणी असली तरी ती नेमाला निरुपयोगी.

पहिल्या काही गोळ्यांवर सुरकुत्या येतील. साचा थंड आहे किंवा त्यात तेलाचा अंश आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या पुन्हा भांड्यात जातात. याउलट पृष्ठभागावर दवासारखी पांढुरकी झाक आली, तर साचा जास्त तापला आहे. गोळ्या पाण्यात टाकून कठीण करण्याची पद्धत शेजारी कदाचित दाखवतील; ती आपण इतक्यात उचलू नये, कारण भट्टीजवळ पाण्याची बादली ठेवण्यात नवशिक्याचे काहीच हित नाही. आपण पुढे राज्य बदलले, तर तेथील नियम पाहावेत : कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा पूर्णपणे बंद आहे. गोळी लागलेल्या जनावरांचे अवशेष खाऊन कोंडोर गिधाडांना शिशाची विषबाधा होत असे, हे त्यामागचे एक मोठे कारण.

प्रश्न (सातारा जिल्हा) : पीकसंरक्षणासाठी माझ्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. रानडुकरांचा उपद्रव मोठा आणि काडतुसे महाग. अमेरिकेत करतात तसे गोळ्या व छर्रे घरी ओतले तर चालेल का?

उत्तर : नाही. आपला परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, दारूगोळा तयार करण्याचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार निर्मितीसाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व ते तयार करण्याची यंत्रेही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद करून घ्यावीत. बंदूक हाती आहे म्हणून रानडुक्कर मारण्याची मुभा मिळते असेही नाही. त्यासाठी वन विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

प्रश्न (मालवण) : आमच्याकडे पागाच्या (फेकून मासे धरायच्या जाळ्याच्या) कडेला लावायची शिशाची वजने वडील घरीच ओतत असत. जुन्या बॅटऱ्यांचे शिसे स्वस्तात मिळते. ते वापरून मी हे काम पुन्हा सुरू करू का?

उत्तर : जाळ्याची वजने ओतायला शस्त्रांचा कायदा आड येत नाही, आणि गोळीसारखी अचूकताही येथे लागत नाही, मऊ शिसे उलट सोयीचे, कारण ते दोरीवर ठोकून आवळता येते. मात्र वर लिहिलेली पाण्याची आणि भुकटीची सगळी पथ्ये जशीच्या तशी लागू आहेत, आणि पावसाळ्यातल्या कोकणात कोरडा साचा ही गोष्ट गृहीत धरता येत नाही. वापरण्यापूर्वी तो दर वेळी तापवून घ्यावा. बॅटऱ्या मात्र नकोत. त्या फोडताना सांडणारे आम्ल आणि पट्ट्यांवरचा शिशाचा चिखल अंगणात मुरला की वर्षानुवर्षे तिथेच राहतो, आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या अधिकृत संकलनातच द्यायच्या असतात. इंग्लंडमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. ती गिळून राजहंस मरत होते. आपल्या पागाची वजने तुटून खाडीत पडत असतील, तर ओतण्यापेक्षा आधी दोरी बदलावी.