वाढलेले वजन आणि शुक्राणूंची संख्या

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे, उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ९८ किलो आहे. आम्ही दीड वर्षापासून मुलासाठी प्रयत्न करीत आहोत. पत्नीच्या तपासण्या ठीक आल्या; माझ्या वीर्यतपासणीत मात्र शुक्राणूंची संख्या प्रति मिलिलिटर १.१ कोटी आली. हे वजनामुळे असेल का? एका परिचितांनी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची (हार्मोनची) इंजेक्शने सुचवली आहेत. ती घ्यावीत का?

उत्तर : इंजेक्शने कृपया घेऊ नका; आपल्या प्रश्नातील हाच भाग तातडीचा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना चालना देणारी संप्रेरके कमी करते, आणि त्यामुळे शुक्राणूंची निर्मिती खूप घटते, कित्येकदा पूर्ण थांबते. औषध बंद केल्यावरही ती पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात.

वजनाचा परिणामही बराचसा याच ग्रंथीमार्फत होतो. चरबीच्या पेशींतील अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर एस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात करते आणि वाढलेले एस्ट्रोजेन पीयूषिकेला आवर घालते. शिवाय वृषणांचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी राहावे लागते. मांड्या व ओटीपोटावरील चरबीमुळे तेथील उष्णता वाढू शकते. आपण जोराने घोरत असाल आणि झोपेत श्वास अडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

तरीही सारे खापर वजनावर फोडणे मला योग्य वाटत नाही. आपला बॉडी मास इंडेक्स सुमारे ३४, म्हणजे स्थूलतेच्या कक्षेत आहे हे खरे. पण इतक्याच वजनाच्या अनेक पुरुषांना मुले होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतील १.६ कोटी ही खालची संदर्भमर्यादा आहे, आणि तिच्याखालील संख्या म्हणजे वंध्यत्व नव्हे. एकाच अहवालावर निष्कर्ष न काढता २ ते ७ दिवस वीर्यपात न होऊ देता तपासणी पुन्हा करावी. यूरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळील शिरांची फूग, आहे का हे पाहून घ्यावे आणि संप्रेरकांची रक्ततपासणीही करावी.

वजन मात्र आजपासूनच कमी करू लागा, उपासमार न करता. शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात, म्हणून बदल त्याआधी अहवालात शोधू नका. वजन घटल्याने टेस्टोस्टेरॉन सहसा सुधारते; शुक्राणूंची संख्या प्रत्येकाची वाढेलच असे नाही. त्यामुळे पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास, वजन उतरण्याची वाट पाहत उपचार लांबवू नका. दोन्ही सोबतच चालू द्या.