ग्रानादा: सीतेच्या शोधात पहिला महिना

‘ताई, सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी स्पेनमधल्या ग्रानादाला चाललेय, स्पॅनिश ए-टू, म्हणजे सुरुवातीच्या पातळीपर्यंतच झालंय. पहिल्या महिन्यात नेमकं काय अडतं?’ असं तू विचारलंयस. मी तिथे दोन वर्षं काढली. विद्यापीठ १५३१ सालचं आहे, त्यांना आपल्यासारख्यांची सवय आहे. अडतं ते कागदांपाशी.

तुझा व्हिसा सहा महिन्यांहून मोठा असणार, म्हणजे उतरल्यापासून महिन्याच्या आत ‘तिए’साठी अर्ज करावा लागेल. हे परदेशी माणसाचं ओळखपत्र, बोटांचे ठसे देऊन मिळतं. त्याआधी पालिकेत पत्ता नोंदवून घे, त्याला ‘एम्पाद्रोनामिएन्तो’ म्हणतात. (शब्द पाठ होईपर्यंत काम उरकलेलं असतं.) दोन्हीकडे आधी वेळ घ्यावी लागते. ती ‘सीता प्रेविया’. माद्रिदकडचे लोक ‘थिता’ म्हणतात, पण आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या दक्षिणेकडच्या भागात येतं तिथे, बऱ्याच जणांच्या तोंडी सरळ सीताच. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी लॅपटॉप उघडून सीतेचा शोध घ्यायचे. अकराव्या दिवशी सापडली. तिएचे फोटो मात्र इथून काढून नेऊ नकोस. त्यांचा आकार ३२ बाय २६ मिलिमीटर, आपल्या पासपोर्ट फोटोपेक्षा लहान.

खोलीच्या बाबतीत माझी चूक तू करू नकोस. मी पुण्यात बसून फोटो बघितले आणि महिन्याचं डिपॉझिट पाठवून मोकळी झाले. खोली छान होती, पण मालकीणबाई पत्ता नोंदवू देईनात. शेवटी घर बदललं, डिपॉझिट बुडालं. त्यापेक्षा पहिला आठवडा हॉस्टेलवर काढ, खोली डोळ्यांनी बघ आणि पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचार: इथे माझी नोंदणी होईल ना?

नावाचाही घोळ होतो. त्यांच्या अर्जात आडनावाचे दोन रकाने असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. मी आपल्या सवयीने नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असं भरत गेले. एका कार्यालयात बाबांच्या नावाचा तीनदा पुकारा झाला आणि मी शेजारच्या माणसाकडे बघत बसले, की हा का उठत नाही! तू पासपोर्टप्रमाणे भर, आडनाव पहिल्या रकान्यात, दुसरा कोरा.

भाषेचं फार मनावर घेऊ नकोस. इंग्रजीतून शिकणारे ‘मे गुस्ता’पाशी अडखळतात. आपल्याला ते ‘मला आवडतं’ इतकं ओळखीचं आहे, क्रियापदसुद्धा आवडणाऱ्या वस्तूप्रमाणेच बदलतं. वहीत उच्चार देवनागरीत लिही. त्यांचा त आपला त आहे, इंग्रजीच्या सवयीने ट म्हणू नकोस. त्रास होतो तो तिथल्या बोलीचा. शब्दाच्या शेवटचा स गिळून टाकतात, ‘मास ओ मेनोस’चं (म्हणजे ‘कमी-जास्त’) ‘मा ओ मेनो’ होतं. पहिले दोन आठवडे मला वाटायचं, मी कुठली तरी वेगळीच भाषा शिकून आलेय. आणि प्राध्यापकांना अरे-तुरे करावं लागतं. माझी जीभ दिवाळीपर्यंत वळत नव्हती.

शाकाहारी असलीस तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा त्यांच्या हिशेबी मांसात येत नाही. साध्या सॅलडवरही ट्यूना घालून आणतात, मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. ट्यूनाला ‘आतून’ म्हणतात, तेव्हा ‘सिन आतून, सिन हामोन’ (ट्यूना नको, हॅम नको) हे आधी पाठ कर. ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे छोटासा खाऊ, फुकट मिळतो, हे मात्र ऐकलंयस ते खरं आहे. मसूर आणि काबुली चणे कुठल्याही दुकानात मिळतात, हिंग तेवढा घरून ने. दुपारी दोन ते पाच छोटी दुकानं बंद, रविवारी बहुतेक सगळंच बंद. मी पहिला रविवार बिस्किटांवर काढला.

थंडीला हलक्यात घेऊ नकोस. शहर जवळजवळ सातशे मीटर उंचीवर, पाठीशी सिएरा नेवादा डोंगररांगेचा बर्फ. जुन्या घरांत हीटिंग नसतं, फरशी बर्फासारखी गार. आमच्याकडे एक गोल टेबल होतं, जमिनीपर्यंत जाड कापड सोडलेलं आणि आत विजेची शेगडी, ‘ब्रासेरो’. कापड मांडीवर ओढून पाय आत घालायचे की गुडघ्यापर्यंत ऊब आणि नाक मात्र गारठलेलं. माझा अख्खा प्रबंध त्या टेबलावर झाला. खोली बघायला जाशील तेव्हा ते कापड उचलून आत शेगडी आहे का, ते बघ.